वारस नोंद, हक्कसोड, खातेफोड : क्रम चुकला की काम अडतं

वडील जातात, दिवसकार्य उरकतं आणि मांडवातच कुणीतरी सल्ला देतं, "बहिणी आल्यात तोवर सह्या घेऊन टाका." पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि कागद कपाटात जातो. काही वर्षांनी कर्ज काढायला किंवा जमीन विकायला निघालं की कळतं, सातबारावर अजून वडीलच खातेदार आहेत आणि त्या कागदावर तलाठी काहीही करू शकत नाही.

इथे अडचण बहुतेक वेळा कायद्याची नसते, क्रमाची असते. आधी सगळ्या वारसांची नावं लागतात. मग ज्याला हक्क सोडायचा असेल तो सोडतो (हक्कसोड), त्यानंतर वाटप होतं (खातेफोड) आणि शेवटी मोजणी. मधली पायरी गाळली की पुन्हा मागे यावं लागतं, आणि तोवर एखादा वारस मयत झालेला असतो, म्हणजे सह्या आणखी वाढलेल्या असतात.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या शेतजमिनीची आहे आणि हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम कुटुंबात हिस्से मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने ठरतात, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने. तलाठी ते तहसील हा कार्यालयातला रस्ता मात्र सगळ्यांना सारखाच. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कायदा चालतो आणि वाटणी ‘इन्व्हेंटरी’च्या कार्यवाहीतून होते, त्यामुळे तिकडच्या जमिनीला यातलं काही लावू नका.

टप्पा १ : तलाठ्याकडे जाण्याआधी कागद

१. गाव नमुना ८-अ काढा. मयताच्या नावावर त्या गावात कोणकोणते गट आहेत ते एकाच ठिकाणी कळतं. मात्र ८-अ एका गावापुरताच असतो. शेजारच्या गावातली किंवा पुनर्वसनात मिळालेली जमीन त्यात दिसणार नाही, तिचा उतारा वेगळा काढावा लागतो.

२. प्रत्येक गटाचा सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. फुकट दिसणारा उतारा फक्त बघण्यासाठी.

३. वडिलांचं नाव ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, लागलं, तो फेरफार काढा. त्याचा क्रमांक सातबारावर नावाजवळ असतो. फेर खरेदीचा असेल तर जमीन बहुधा स्वकष्टार्जित, वारसाचा किंवा वाटपाचा असेल तर वडिलोपार्जित असण्याची शक्यता जास्त. हा एक कागद पाहिल्याशिवाय हिश्श्यांची चर्चाच सुरू करू नका. जुने फेर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, आणि बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन केलेले ऑनलाइनही आहेत.

४. मृत्यू दाखला. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर सोपं जातं. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, म्हणून आजोबा-पणजोबांचे दाखले नसतील तर आधी त्यांच्या मागे लागा.

५. वंशावळ आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणा. सगळ्या वारसांचे आधार, वय आणि राहता पत्ता.

सातबारा हातात घेऊन तीन गोष्टी बघा.

मयताच्या नावाआधी किंवा नंतर ‘ए.कु.मॅ.’ असं काही आहे का? म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अशा वेळी नाव एकट्याचं दिसत असलं तरी जमीन त्याच्या एकट्याची नसते. त्याच्या भावांचाही हक्क असतो, आणि फक्त त्याच्या मुलांची नावं लावली तर चुलते हरकत घेणारच.

‘इतर हक्क’ या रकान्यात बहिणींची किंवा आत्यांची नावं आहेत का? पूर्वी मुलींची नावं कब्जेदार सदरात न लावता इतर हक्कात टाकायची पद्धत होती. ती नावं तिथे आहेत म्हणजे त्यांचा हक्क कमी झाला असं नाही. उलट त्या वारस आहेत याचा सरकारी पुरावाच तयार झाला आहे.

भोगवटादार वर्ग कोणता? वर्ग-२ असेल, म्हणजे इनाम, वतन, कुळकायद्याने मिळालेली किंवा शासनाने दिलेली जमीन, तर वारसांची नावं लावायला अडचण नाही. विक्री, बक्षीस किंवा वाटपाआधी मात्र कोणाची परवानगी लागेल ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

इशारा : नावांचा मेळ घाला. सातबारावर ‘बाळू रामा’, मृत्यू दाखल्यावर ‘बाळासाहेब रामचंद्र’ आणि आधारवर तिसरंच काही, हे रोजचं दुखणं आहे. ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा. नंतर जोडू म्हणाल तर फाईल तीन आठवडे पडून राहते.

आणखी एक गोंधळ. ८-अ हा महसुलाचा खातेउतारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या कराचा उतारा. वारसांची नावं दोन्हीकडे वेगवेगळी लावावी लागतात. शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्डासाठी नगर भूमापन कार्यालय.

टप्पा २ : वारस कोण, हे कागदावर मांडा

मृत्युपत्र नसेल तर पुरुषाचे वर्ग-१ चे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली, आई आणि आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं. आधी वारलेल्या मुलाची विधवा पत्नीही येते. वडील मात्र वर्ग-१ मध्ये नाहीत.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती मयताची आई. पंच्याऐंशी वर्षांची आजी कोपऱ्यात बसलेली असते आणि वंशावळीत तिचं नाव कुणी लिहीत नाही. तिचा हिस्सा मुलाइतकाच असतो.

एक हिशेब करून बघू. स्वकष्टार्जित जमीन १ हेक्टर ८० आर. मागे आई, पत्नी, एक मुलगा, दोन मुली आणि वडिलांच्या हयातीतच वारलेला दुसरा मुलगा, ज्याच्या मागे त्याची पत्नी आणि दोन मुलं. एकूण सहा हिस्से, प्रत्येकी ३० आर. वारलेल्या मुलाच्या शाखेचे ३० आर त्याची पत्नी आणि दोन मुलांत १०-१० आर.

आता आजी वारली. तिच्या ३० आरचे वारस तिची अपत्यं, म्हणजे काका, आत्या आणि आधी वारलेल्या मुलाची, म्हणजे वडिलांची, मुलं. सून या यादीत येत नाही. म्हणजे वडिलांच्या पत्नीला या ३० आरमधून काही मिळत नाही, पण काकांचं नाव तुमच्या सातबारावर येतं. वडील गेल्यावर लगेच नोंद झाली असती आणि आजीने हयातीतच आपला हिस्सा नातवंडांना नोंदणीकृत दस्ताने दिला असता, तर हा गुंता झाला नसता. म्हणून घरात वृद्ध वारस असेल तर नोंद लांबवू नका.

जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरून त्यांचा हिस्सा काढतात, आणि मग तो वारसांत वाटतात. पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली असतील तर पाच हिस्से पडतात, प्रत्येकी १/५. वडिलांचा १/५ चौघांत वाटला की प्रत्येकी १/२० वाढतो आणि एकूण १/४ होतो. इथे उत्तर सरळ वाटणीसारखंच आलं, म्हणून हिशेबाची गरज नाही असं वाटतं. पण आजी हयात असेल, किंवा आजोबांच्या वेळची वाटणी अर्धवट असेल, तर आकडे बदलतात. तिथे हिशेब वकिलाकडून लिहून घ्या, तोंडी नको.

मुलींबद्दल दोन तारखा लक्षात असू द्या. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, आहे, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या तारखेआधी वारले असले तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. अपवाद २० डिसेंबर २००४ आधी झालेल्या वाटणी-विक्रीचा, आणि तीही नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर. ‘वडिलांनी तोंडी वाटणी करून दिली होती’ हे म्हणणं सरकारी कागदांचा भक्कम आधार असल्याशिवाय टिकत नाही.

तपासा : ‘हुंडा दिला, लग्नात खर्च केला, म्हणून हक्क संपला’ हे कायद्यात कुठेही नाही.

टप्पा ३ : वारस नोंदीचा अर्ज

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही आणि वीस वर्षांनीही नोंद होते. पण दरम्यान जितके मृत्यू झाले तितक्या पायऱ्या वाढतात. आजोबांच्या नावावरची जमीन थेट नातवाच्या नावावर होत नाही. आधी आजोबांचे वारस, मग त्यातल्या मयताचे वारस, असं एकेक करत यावं लागतं.

अर्ज सज्जावर, म्हणजे तलाठी कार्यालयात, तलाठ्याकडे (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच) किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतून करा. हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

पुढे असं घडतं :

१. गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवहीत, मयत आणि वारसांची नोंद होते. तलाठी गावात चौकशी करतो.

२. वारस ठरले की नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो.

३. कलम १५० प्रमाणे फेरफाराची प्रत चावडीवर लागते आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते. हरकतीसाठी १५ दिवस.

४. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेर प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो.

या नोंदीला मुद्रांक शुल्क लागत नाही. कुणी मागितलं तर ते कशाचं, हे लेखी विचारा.

नोटिशीच्या पत्त्यात मोठी चूक होते. सगळ्या बहिणींचे पत्ते ‘मु.पो. अमुक’, म्हणजे माहेरचेच देतात, आणि नोटीस भाऊ घेतो. नोंद मंजूर होते खरी, पण ज्या दिवशी बहिणीला कळेल त्या दिवसापासून ती उशीर माफ करून घेऊन अपील करू शकते. सासरचा खरा पत्ता द्या. पंधरा दिवस कमी लागावेत म्हणून पाच वर्षांचा वाद ओढवून घेऊ नका.

नोटीस आली का, फेर कुठे अडकला, हे ‘आपली चावडी’वर गाव निवडून बघता येतं. दर चार दिवसांनी बघा.

थांबा : अर्जात अज्ञान (१८ वर्षांखालचा) वारस असेल तर त्याचं नाव गाळायचं नाही. ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव लागतं. पण पालनकर्ता असलं म्हणजे त्याचा हिस्सा विकता किंवा सोडता येतो असं नाही. त्याला न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं.

वारस नोंदीसाठी न्यायालयाचा वारस दाखला प्रत्येक वेळी लागत नाही. वारसांत वाद नसेल तर मृत्यू दाखला आणि प्रतिज्ञापत्र पुरतं. उत्तराधिकार दाखला हा वेगळाच कागद, तो बँकेतले पैसे, ठेवी, शेअर यांच्यासाठी. जमिनीसाठी तो काढायला निघाला असाल तर थांबा.

मृत्युपत्र असेल तर मूळ प्रत दाखवा आणि त्यावरच्या दोन साक्षीदारांपैकी कोण हयात आहे ते नोंदवून ठेवा. मृत्युपत्रावर हरकत आली की महसूल अधिकारी खरं-खोटं ठरवत नाहीत, ते दिवाणी न्यायालयाचं काम. वडिलोपार्जित जमिनीत वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं, हेही ध्यानात ठेवा.

टप्पा ४ : ज्याला सोडायचं आहे त्याचं हक्कसोड पत्र

आता, सगळ्यांची नावं लागल्यावर. आधी नाही.

स्थावर मिळकतीचं हक्कसोड पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं. नोटरीचा कागद, शंभरच्या स्टॅम्पवरचा कागद, ग्रामसभेपुढची सही यांपैकी कशानेही हक्क सुटत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी, त्यानंतर दंड.

मजकूर लिहून घेताना एवढं बघा :

कोणाच्या लाभात? हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होतं. सुनेच्या किंवा जावयाच्या नावाने करायचं असेल तर तो दस्त वेगळा, बक्षीसपत्र किंवा खरेदीखत. ‘भावांच्या लाभात’ असं मोघम लिहू नका. एकाच भावासाठी सोडायचं की सगळ्यांसाठी, हे नावानिशी लिहा. आई, बहीण यांना वगळून फक्त मोठ्या भावासाठी सोडलेलं लिहिलं गेलं आणि नंतर घरात स्फोट झाला, असं घडतं.

कोणते गट? गाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, आकार (शेतसारा) आणि सोडणाऱ्याचा हिस्सा, प्रत्येक गटाचा स्वतंत्र. ‘माझा सर्व मिळकतीतील हक्क’ एवढंच लिहिलं तर तलाठी कोणत्या गटावर फेर धरणार?

मोबदला? नात्यात बिनमोबदला सोडलं तर मुद्रांक नाममात्र असतो (२०२४ मध्ये रकमा वाढल्या, त्या दिवशीचा आकडा निबंधक कार्यालयात विचारा). पैसे दिले तर बाजारमूल्यावर शुल्क. पाच लाखांचा चेक देऊन दस्तात ‘बिनमोबदला’ लिहू नका. मुद्रांक बुडवल्याचा ठपका येतो, आणि बहीण पुढे ‘मला काही मिळालं नाही’ म्हणाली तर तुमचाच दस्त तिच्या बाजूने बोलतो.

वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवरचा ‘पुढे मिळणारा हक्क’ मुलगी सोडू शकत नाही, कारण तो अजून हक्कच नाही. ‘लग्नात लिहून घेतलंय’ या कागदांचं यामुळेच काही होत नाही.

दुबई किंवा अमेरिकेतल्या भावाचा कुलमुखत्यारपत्रावर दस्त करायचा असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून घ्या. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक लावावा लागतो. हक्कसोड करण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत असायला हवा. ‘माझ्या मिळकतीची देखभाल’ एवढ्यावर निबंधक दस्त घेणार नाहीत.

दस्त नोंदल्यावर माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते आणि फेर धरला जातो, पुन्हा १५ दिवसांच्या नोटिशीसह. पण तसं झालं का, हे तुम्हीच बघा. सूची क्रमांक २ ची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घेऊन सज्जावर एक चक्कर मारा.

तपासा : हक्क सोडणाऱ्याचं मन नंतर बदललं तरी तलाठी किंवा तहसीलदार नोंदणीकृत दस्त रद्द करू शकत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावा, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. सही घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही हे आधी समजून घ्यावं.

टप्पा ५ : वाटप, म्हणजे खातेफोड

नावं लागली म्हणजे जमीन वाटली गेली नाही. सहा नावं असलेल्या सातबारावर ‘पूर्वेकडचं माझं’ असं कायद्याने कुणाचंच नसतं. वहिवाट असते, मालकी सामाईक.

सगळे राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सर्व सहहिस्सेदारांची नावं, सध्याचा सातबारा, कोणाला कोणता भाग याचा तक्ता आणि कच्चा नकाशा. तहसीलदार नोटिसा काढतात, जबाब घेतात आणि वाटपाचा आदेश देतात. किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी शासनाने २०२५ मध्ये माफ केली, त्यामुळे फी वाचवायला साध्या कागदावर वाटणी करण्यात आता अर्थ नाही. एकजण जरी अडला किंवा मालकीचाच वाद निघाला तर कलम ८५ चा मार्ग बंद होतो. मग दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करावा लागतो. न्यायालय हिस्से ठरवतं, आणि जमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. दावा जिंकल्यावरही काम संपत नाही, ते या दुसऱ्या टप्प्यामुळे.

तक्ता करताना क्षेत्र सारखं झालं की वाटणी सारखी झाली असं समजू नका. रस्त्याला लागून असलेले ४० आर आणि ओढ्याकाठचे ४० आर यांची बरोबरी होत नाही. म्हणून ‘क्षेत्र’ या रकान्याशेजारी ‘रस्ता’, ‘पाणी’ आणि ‘पोटखराबा’ (लागवडीला न येणारा भाग) असे रकाने आखा. पोटखराबाही वाटा, नाहीतर एकाच्या वाट्याला मुरमाड माळ येतो आणि कागदावर बेरीज बरोबर दिसते.

विहीर सामाईक असेल तर पाण्याची पाळी तासांत लिहा : ‘आठवड्यातून प्रत्येकी दोन दिवस, सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा’. मोटार कोणाची, वीजबिल कोण भरणार, विहीर खोल करायची झाल्यास खर्च कसा? वाटपाच्या कागदात हे नसतं म्हणून भावांत पुढची वीस वर्षं भांडणं चालतात. मागच्या शेतात जायला वाट कुठून आणि किती फूट रुंद, हेही त्याच कागदात लिहा. तोंडी दिलेली वाट पुढच्या पिढीत नांगरली जाते.

हेक्टर-आर आणि एकर-गुंठे यांत गल्लत करू नका. एक एकर म्हणजे ४० गुंठे, १०० आर म्हणजे एक हेक्टर. गुंठा आणि आर जवळपास सारखेच असले (१ गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर) तरी मोठ्या गटात फरक पडतो आणि बेरीज जुळत नाही.

थांबा : तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. साठ आर जिरायत सहा जणांत फोडता येणार नाही, प्रत्येकी १० आर पडतील आणि फेर अडेल. अशा वेळी छोटा गट एकाच्या वाट्याला पूर्ण द्या आणि दुसऱ्याला मोठ्या गटात भरपाई करा, किंवा तो गट हिश्श्यानिशी सामाईकच ठेवा.

टप्पा ६ : मोजणी आणि गटफोड

खातेफोड आणि गटफोड या दोन गोष्टी. खातेफोडीने तुमचं नाव आणि क्षेत्र वेगळं होतं. जमिनीवर रेष पडते ती मोजणीने. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा, सोबत वाटपाचा आदेश किंवा दस्त आणि प्रमाणित फेर. मोजणीच्या नोटिसा लगतच्या कब्जेदारांनाही जातात. त्या दिवशी सगळे हिस्सेदार बांधावर हजर असावेत, दगड तेव्हाच रोवून घ्या.

मोजणी झाली की ‘क’ प्रत, म्हणजे नकाशा, मिळते. त्यावरून आकारफोड पत्रक तयार होतं आणि गट २१४ चे २१४/१, २१४/२ असे पोटहिस्से पडून स्वतंत्र सातबारे निघतात. इथवर न येताच जो आपला हिस्सा विकतो, त्याच्याकडून घेणारा बांध नाही, भांडण विकत घेतो. शिवाय एखाद्या वर्ग-१ वारसाने वारसाने आलेला हिस्सा बाहेरच्याला विकायला काढला, तर बाकीच्या वर्ग-१ वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे (हिंदू वारसा कायद्याचं कलम २२), आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं.

टप्पा ७ : वाद झालाच तर कोणतं दार

चुकीचं दार ठोठावण्यात वर्षं जातात, म्हणून थोडक्यात.

फेरफाराला हरकत घ्यायची असेल तर १५ दिवसांत लेखी, तलाठ्याकडे. प्रकरण ६-अ मध्ये तक्रारी म्हणून जातं आणि सुनावणी होते. निर्णय विरोधात गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, ६० दिवसांत अपील.

नावातली लेखनचूक, क्षेत्राचा चुकलेला आकडा, संगणकात उतरवताना राहिलेली नोंद : जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. यासाठी अपील करू नका. उलट, एखाद्याचं नाव वगळणं ही लेखनचूक नव्हे, त्यासाठी १५५ चा अर्ज टिकत नाही.

वाट अडवली, पाण्याचा पाट बुजवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३.

मालकी कोणाची, मृत्युपत्र खरं का, दस्त फसवून केला का, हे सगळं दिवाणी न्यायालयात. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण तिने मालकी जन्माला येत नाही आणि नाव नाही म्हणून ती मरतही नाही. ‘सातबारा माझ्या नावावर, आता बहिणीचं काय’ असं म्हणणाऱ्यांना आणि ‘सातबारावर नाव नाही, म्हणजे गेलंच’ म्हणणाऱ्या बहिणींना, दोघांनाही हे लागू.

शेवटी, नवा सातबारा हातात आल्यावर

मयताचं नाव कमी झालं का आणि फेरफार क्रमांक पडला का? प्रत्येक वारसाचं नाव आधारप्रमाणे आहे का? सगळ्यांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकी येते का, पोटखराब्यासह? विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा फिटलेला असूनही इतर हक्कात राहिला आहे का? राहिला असेल तर बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला जोडून तो कमी करून घ्या. ८-अ वर नवं खातं उघडलं का?

मग वीजजोडणी, पीक विमा, पीएम किसान आणि शेतकरी ओळख क्रमांक. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन सहसा चालत नाही, वारसाने आलेली चालते. तिथे अर्जासोबत वारसाचाच फेरफार जोडा, हक्कसोडीचा नव्हे.